ट्रॉलीत आता पाय ठेववत नाही

“काकू, मी काटोल तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. नाव छापू नका, गावात लगेच कळेल. वय 29. आमची आठ एकर शेती, त्यात तीन एकर संत्र्याचा बगीचा. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा.

तिळकुंद चतुर्थीला मुलाचं जावळ काढायला अदासाच्या गणपतीला गेलो होतो. घरचाच ट्रॅक्टर, घरचीच दोन चाकी ट्रॉली. खाली तणस, वर ताडपत्री आणि सतरंज्या, भाऊबंद आणि शेजारपाजारचे मिळून तेवीस जण. दर्शन झालं, जेवणं झाली. टेकडी उतरताना ट्रॉली मागून ढकलायला लागली. ह्यांनी ब्रेक मारला तसा ट्रॅक्टर एका अंगाला ओढला गेला आणि ट्रॉली आडवी आली. मी मागच्या फाळक्याजवळ होते. डावीकडचं चाक जमिनीवरून उचललेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी बाळाला पोटाशी धरून पडले. भाताचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, घसरत आलं ते नणंदेच्या पायावर. कडेला मुरमाचा ढीग होता, त्यात ट्रॉली रुतली म्हणून थांबली. दोघांना खरचटलं, बाकी कोणाला काही नाही. ढिगाच्या पलीकडे खोल नाला होता.

ह्याला दोन महिने होऊन गेले. रात्री रस्त्यानं ट्रॅक्टर गेला की मी उठून बसते. मुलीला शाळेच्या ऑटोत बसवताना हात सुटत नाही. हे ह्या विषयावर बोलतच नाहीत, मी काढला की उठून गोठ्यात जातात. एकदा मित्राला सांगताना ऐकलं, ‘न्यूट्रल होता, आणि ब्रेक एकच लागला.’ सासूबाई म्हणतात, ‘बाप्पानं वाचवलं न माय, मंग आता कायले भ्याचं?’ वैशाखात चुलत दिराचं लग्न आहे, वऱ्हाड रामटेककडे जायचंय, आणि ट्रॉली आमचीच ठरली आहे. सगळे म्हणतात मनातून काढून टाक. मी भीती कशी घालवू?”

*

भीती कशी घालवू, असं तू विचारतेस. मी तुला ती अर्धीच घालवायला सांगणार आहे.

तुझ्या मनात दोन भीती एकात एक गुंतून बसल्या आहेत. एक आहे ट्रॉलीत माणसं भरून रस्त्यावर न्यायची. ती अगदी बरोबर आहे, ती कोणाच्या सांगण्यावरून सोडू नकोस. दुसरी भीती त्या दिवशीपासून घरभर पसरली आहे. शाळेच्या ऑटोत, रात्रीच्या झोपेत, लेकीच्या हातात शिरली आहे. ती उतरवायची आहे आणि ती उतरते. घरचे लोक दोन्हींना एकच समजून ‘काढून टाक’ म्हणतात, म्हणून तुला कुठलीच सुटत नाही.

पहिलीपासून सुरुवात करते. त्या उतारावर नेमकं काय झालं हे तुला कोणी सांगितलेलं नाही, आणि जे कळलेलं नसतं ते मनात फार मोठं होऊन बसतं. तू ऐकलेल्या त्या एका वाक्यात बहुतेक सगळं आलं आहे.

उतारावर डिझेल वाचवायला ट्रॅक्टर न्यूट्रल करायची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. खरं तर रेस सोडलेली असली की गिअरमध्ये असतानाही इंजिन उतारावर डिझेल जवळपास घेतच नाही, म्हणजे वाचत काहीच नाही. उलट गिअरमध्ये इंजिन चाकांना मागे धरून ठेवतं. न्यूट्रल केलं की ती धर सुटते आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. शिवाय वेग वाढल्यावर गिअर परत टाकायचा म्हटलं तर ट्रॅक्टरला तो पडत नाही, नुसता करकरतो.

आता ब्रेक. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि त्यांची पेडलं दोन वेगळी असतात. वावरात धुऱ्याशी वळताना एकच चाक धरून ट्रॅक्टर जागच्या जागी फिरवता यावा म्हणून ती सोय आहे. रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं एकत्र जोडायची असतात, त्यासाठी तिथंच एक लोखंडी खिट्टी दिलेली असते. तुमची खिट्टी त्या दिवशी लावलेली नसावी, किंवा वाकून निकामी झालेली असावी. घाईत पाय एकाच पेडलवर पडला की एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जातो. मागच्या ट्रॉलीला तर खेड्यात बहुतेक ब्रेकच नसतात. पुढचा ट्रॅक्टर अडतो, मागची ट्रॉली तिच्या वजनानं पुढे येत राहते, आणि मधल्या हुकापाशी दोघांची कैची होते. ट्रॉली आडवी येते ती अशी.

आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून स्वतःला दोष लावून घेऊ नकोस. दोन चाकी ट्रॉली तराजूसारखी असते. चाकं मध्ये, एका टोकाला हुक, दुसऱ्या टोकाला फाळका. माणसं मागे हवा लागते म्हणून फाळक्याकडे सरकतात. मागचं टोक जड झालं की पुढचं टोक हुकाला वर उचलतं, आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब कमी होतो. ज्या चाकांना ब्रेक आहेत, तीच चाकं रस्त्याला कमी धरतात. संत्र्याचे कॅरेट एकावर एक रचून बांधले की जागचे हलत नाहीत. माणसं मात्र ट्रॉली कलली की त्याच अंगाला एकदम जाऊन पडतात, आणि ज्या बाजूला उलटायचं त्याच बाजूचं वजन वाढतं. तेवीस माणसं म्हणजे हजार-अकराशे किलोचं, स्वतःहून सरकणारं वजन. त्यात पुन्हा धरायला काही नाही, बसायला जागा नाही, भाताचं गंज आपल्याच मांडीशी.

एवढं सगळं एका वेळी जमून आलं, म्हणून चाक उचललं. ह्यातली प्रत्येक गोष्ट आधी दिसणारी होती. हे तुला कळलं की उतार बघून छातीत होणारी धडधड थोडी तरी कमी होईल असं मला वाटतं. उताराला दोष नाही. तुमचं नशीबही फिरलेलं नव्हतं.

सासूबाईंचं म्हणणं मी खोडणार नाही. बाप्पानं वाचवलं असं त्यांना मनापासून वाटतं, आणि त्या मुरमाच्या ढिगाला तूही मनातल्या मनात हात जोडले असशील. पण त्यांना एवढं सांग, की उत्तर प्रदेशात कानपूरजवळ 1 ऑक्टोबर 2022ला अशीच एक ट्रॉली देवीला मुलाचं जावळ काढून परत येत होती. ती रस्त्याकडेच्या तळ्यात उलटली. पंचवीसहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. तीही सगळी देवाच्या दारातूनच परतत होती. आपल्या राज्यात 4 एप्रिल 2025ला नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या बायांची ट्रॉली विहिरीत पडली. हिंगोली जिल्ह्यातल्या सात जणी त्यात बुडाल्या. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही, तुला ते आधीच पुरेसं कळलं आहे. ज्यांना ‘बापजाद्यापासून बसत आलो, काई होत नाई’ असं वाटतं, त्यांच्यासमोर ठेवायला लिहिते आहे.

सासऱ्यांशी बोलायचं असेल तर शेतीच्या भाषेत बोल. ट्रॉली मालासाठी आहे, माणसं नेण्याची तिला परवानगी नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात सांगून वीस वर्षं उलटली. उद्या काही झालं तर कंपनी हात वर करू शकते, दावा ट्रॅक्टरच्या मालकावर येतो, आणि चालवणाऱ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. सातबारा कोणाच्या नावावर आहे? बगीच्याची बाजी लावून कोणी वऱ्हाड नेत नाही, हे सासरेबुवांना तुझ्यापेक्षा लवकर पटेल.

पण त्यांच्याआधी तुला नवऱ्याशी बोलायचं आहे. तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते त्यांचं गोठ्यात निघून जाणं. त्याबद्दल मी माझ्या घरची एक गोष्ट सांगते.

आम्हीही काटोलकडचेच. पंचवीसेक वर्षांपूर्वी आंबिया बहाराची संत्री घेऊन माझा मोठा भाऊ रात्री कळमन्याच्या बाजारात निघाला होता. मला नागपूरला यायचं होतं, मी कॅरेटवर चादर टाकून बसले. फेटरीच्या अलीकडे ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं. मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती. भावानं बाभळीची एक फांदी तोडून मागे रस्त्यावर टाकली, चाकाखाली दगड लावले आणि तो जॅक काढायला वाकला. मला तहान लागली होती, पाण्याची कॅन ट्रॅक्टरवर होती, म्हणून मी खाली उतरून पुढे गेले. कॅनचं झाकण उघडतच होते, तेवढ्यात मागून ट्रकचे ब्रेक किंचाळले. ट्रकवाल्याला ट्रॉली शेवटच्या क्षणी दिसली. त्यानं स्टिअरिंग ओढलं, पण फाळक्याचा कोपरा आणि मागची कॅरेटं तो घेऊन गेला. मी बसले होते ती जागा.

ट्रक पुढे जाऊन थांबला, त्या ड्रायव्हरचेही हात थरथरत होते. मग माझ्या भावानं काय केलं, तर अंधारात रस्त्यावर पसरलेली संत्री एक एक करून वेचायला लागला. फुटलेली बाजूला, चांगली शर्टाच्या ओच्यात. मी म्हटलं, दादा, राहू दे. त्यानं ऐकलं नाही. शेवटचं संत्रं उचलेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि पुढची कितीतरी वर्षं त्या रात्रीबद्दल बोललाच नाही. घरात विषय निघाला की तो उठून जायचा, अगदी तुझ्या नवऱ्यासारखा. मला वाटायचं, ह्याला माझं काहीच वाटलं नाही. माल गेल्याचंच दुःख आहे. मी त्याच्यावर मनातून रुसून राहिले.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं त्या दिवशी अंगणात आम्ही दोघंच होतो. तो एकदम म्हणाला, “तुला खाली उतर म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू आपली तहान लागली म्हणून उतरलीस.” एवढंच बोलला. पण ते वाक्य त्यानं इतकी वर्षं छातीवर धोंड्यासारखं वागवलं होतं, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

तुझा नवरा त्या दिवशी स्टिअरिंगवर होता. मागे त्याची बायको, दोन लेकरं, आईबाप, शेजाऱ्यांची माणसं. न्यूट्रल त्यानं केलं होतं. रात्री तू दचकून उठतेस हे त्याला दिसत असणार, आणि प्रत्येक वेळी त्याच्या मनात तोच उतार येत असणार. तो उठून जातो तो तुझ्यावर चिडून नव्हे, असं मी खात्रीनं म्हणते. ज्या माणसाला काही वाटत नाही, तो मित्राला ‘ब्रेक एकच लागला’ म्हणून सांगत बसत नाही.

म्हणून त्याला ‘तुम्ही न्यूट्रल का केलं’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर त्याच्याकडे आहे आणि ते त्याला टोचतं आहे. लेकरं झोपल्यावर, गोठ्यातच जा हवं तर, आणि विचार, “त्या वेळी तुम्हाला पुढून काय दिसत होतं?” तू मागून काय पाहिलंस तेही सांग. चाक उचललेलं तू पाहिलंस, ते त्याला ठाऊक आहे का? आणि त्यानं शेवटपर्यंत स्टिअरिंग सोडलं नाही, ट्रॅक्टरवरून उडी मारली नाही, हेही त्याला सांग. ट्रॅक्टर उलटायला लागला की उडी मारून वाचणारे असतात. तो तुम्हा सगळ्यांसोबत बसून राहिला. तो पहिल्या दिवशी बोलणार नाही. दोन वाक्यं बोलून वैरण टाकायला उठेल. चालेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

आता लग्नाचं. तू ट्रॉलीत बसू नकोस आणि लेकरांना बसवू नकोस. ह्यात मी मधला मार्ग काढणार नाही. पण ‘मी येत नाही’ म्हणून घरी बसलीस तर सगळा विषय तुझ्या भित्रेपणावर येऊन थांबेल, आणि बाकीचे तीस-चाळीस जण त्याच ट्रॉलीत चढतील. म्हणून मोडता घालण्याआधी दुसरी सोय हातात घेऊन बोल.

काटोलला एसटीचं आगार आहे. लग्नासाठी अख्खी बस प्रासंगिक करारावर मिळते. वैशाखात लग्नांची गर्दी असते, तेव्हा तारीख पक्की असेल तर ह्याच आठवड्यात कोणालातरी चौकशीला पाठव. तो खर्च चुलत सासऱ्यांना जड वाटला तर नेहमीच्या गाडीचा हिशेब कर. एसटीत बायांना अर्धं तिकीट 2023पासून आहे, 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे, 65 ते 75पर्यंतच्यांना आणि पाच ते बारा वर्षांच्या लेकरांना अर्धं आहे. तुमच्या वऱ्हाडात पूर्ण तिकिटाची माणसं मोजून पाहा, किती थोडी निघतात. काटोलहून नागपूर, नागपूरहून रामटेक, दोन्हीकडे गाड्या आहेत. पहाटेची पकडायची. वैशाखात दुपारी उघड्या ट्रॉलीत नागपूरचं ऊन डोक्यावर घेऊन म्हाताऱ्या माणसांना आणि अंगावर पिणाऱ्या लेकराला बसवणं हे अपघात बाजूला ठेवला तरी बरं नाही. पंचेचाळीस अंशांत पत्र्याचा फाळका हाताला चटका देतो.

आणि ट्रॉलीही जाऊ दे. आहेर, भांडी, गाद्या, पाण्याच्या कॅन, मांडवाचं सामान तिच्यात जाऊ दे, नवऱ्याला ट्रॅक्टर घेऊन जाऊ दे. ट्रॉली तुमची ठरली आहे, त्यात तुमच्या घराचा मान आहे, तो राहील. फक्त माणसं तिच्यात नसतील. हा बेत सासूबाईंच्या आधी चुलत सासूबाईंना सांग. नवरदेवाची आई आपलं वऱ्हाड सुखरूप पोहोचावं म्हणून सगळ्यात आधी ऐकेल.

त्याआधी त्या ट्रॉलीकडे एकदा नीट बघायला हवं, कारण बगीच्याचा माल तिच्यातूनच जाणार आहे आणि चालवणारा तुझाच माणूस आहे. मिस्त्रीकडे नेताना तूही सोबत जा असं मी म्हणेन. दोन्ही ब्रेक पेडलं जोडणारी खिट्टी सरळ करून घ्या, आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात ना ते बघून घ्या. एक कमी एक जास्त लागत असेल तर खिट्टी लावूनही ट्रॅक्टर ओढणारच.

मग हुकाची पिन काढून हातात घे. जुन्या पिनेला मधोमध कंबर पडलेली असते. वर खाली जाडी तशीच, आणि जिथं रोज घासते तिथं ती झिजून चकचकीत, बोटाला खोलगट लागणारी. ती बघूनच कळतं की अर्धी पिन उरली आहे. पुष्कळ ठिकाणी तर पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा कुठला तरी बोल्ट घातलेला असतो, आणि खाली अडकवायची क्लिप नसल्यानं वायर गुंडाळलेली. नवी, मापाची पिन क्लिपेसकट घ्या, आणि हुक तुटला तरी ट्रॉली सुटून पळू नये म्हणून ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये मजबूत साखळी बांधा. मागे फाळक्यावर दोन्ही कोपऱ्यांना लाल चमकणारी पट्टी लावा. आमच्या फाळक्याला ती असती तर त्या ट्रकवाल्याला आम्ही दुरून दिसलो असतो. माल भरताना वजन चाकांच्या थोडं पुढे, हुकाकडे राहील असं रचायचं. उतार लागायच्या आधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा, जो चढायला लागला असता तोच, आणि तळाला येईपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. ट्रॉली डोलायला लागलीच तर ब्रेकवर पाय आपटायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून रेस हळूहळू सोडायची. हे सगळं तुझ्या नवऱ्याला आता कोणी सांगायची गरज नसेल कदाचित. पण ते दोघांनी मिळून केलं तर गोठ्यातल्या बोलण्यापेक्षाही जास्त काम होईल. मिस्त्रीच्या दारात उभं राहून जुनी पिन हातात घेतली की त्याला त्या दिवसाबद्दल बोलायला निमित्त मिळेल.

आता ती दुसरी भीती.

जिवावरचा प्रसंग गेला की शरीर काही दिवस जागं राहतं. आवाजाला दचकणं, झोपमोड, तेच चित्र डोळ्यांसमोर येणं, लेकरांना नजरेआड न होऊ देणं, हे पहिल्या महिन्याभरात बहुतेकांना होतं आणि आपोआप ओसरतं. तुला दोन महिने होऊन गेले आणि अजून रात्री उठून बसावं लागतं, म्हणजे आता मदत घ्यायची वेळ आली आहे. हे वेड नव्हे, आणि मन कच्चं असल्याचं लक्षणही नव्हे. घरबसल्या पहिली पायरी म्हणजे 14416 हा टेलिमानसचा नंबर. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. बगीच्यात एकटी असताना फोन लाव. तिथं बोलून भागलं नाही तर नागपूरला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, मनोविकार विभागात दाखव. भाजीबाजाराला येतो तसं एक दिवस यायचं. नवऱ्याला सोबत आण, त्यालाही दाखवायची गरज असू शकते.

तोवर घरी एवढं कर. ट्रॅक्टरपासून एकदम लांब पळू नकोस, नाहीतर उद्या वावरात जाणंही अवघड होईल. तो अंगणात बंद उभा असताना जवळ जा, बॉनेटवर हात ठेव. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला तो नुसता चालू करायला सांग आणि तू शेजारी उभी राहा, धडधड कमी होईपर्यंत. ती कमी होतेच. मग रिकामी ट्रॉली जोडलेली असताना बांधापर्यंत सोबत पायी चाल. ट्रॉलीत चढायचं नाही, तिथं मी सांगितलेली पहिली भीती राखायची आहे. फक्त तो आवाज आणि तो वास तुझ्या अंगाला पुन्हा रोजचा वाटायला हवा. आणि शाळेच्या ऑटोचं म्हणशील तर ऑटोवाल्याच्या गाडीत किती पोरं बसतात ते मोज, ब्रेक, दरवाजा बघ, त्याला स्पष्ट विचार. तिथं खरंच काही चुकत असेल तर दुसरी सोय कर. चुकत नसेल तर हात सोडायला त्यानंच बळ मिळेल.

पत्राच्या मागच्या बाजूला तू पेन्सिलनं एक ओळ लिहिली आहेस, ती मी वर छापली नाही. लेक अंगणात खेळण्यातल्या ट्रॅक्टरला काडेपेटीची ट्रॉली बांधते आणि रोज ती उलटवते, सासूबाई अपशकुन म्हणून तिला रागावतात, काय करू? तिला रागावू नका. ती त्या दिवशी ट्रॉलीत होती आणि तिच्याशी त्याबद्दल कोणीच बोललेलं नाही, मोठी माणसं विषय निघाला की उठून जातात हे ती बघते आहे. सहा वर्षांचं लेकरू तोंडानं सांगू शकत नाही ते हातानं सांगतं. तिच्याजवळ जाऊन बस. ट्रॉली उलटली की विचार, मग पुढे काय झालं? आत कोण कोण होतं? ती सांगेल तसं ऐक, दुरुस्त करू नकोस. मुरमाचा ढीग तिच्या खेळात कुठं आहे ते बघ. नसेल तर मूठभर माती आणून तिला दे, ढीग कुठं होता ते तिलाच ठरवू दे. आणि जमलं तर त्या वेळी तिच्या बाबांनाही गोठ्यातून हाक मार.